मावा, मास्क आणि मकरपुऱ्याची शिफ्ट

वडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बिडी ओढायला कुणी बाहेर गेला की सुपरवायझरच्या लगेच डोळ्यात येतो. तंबाखू-सुपारीचा मावा खाणारा जागा सोडत नाही, मशीन चालूच राहतं, म्हणून त्याला कुणी टोकत नाही. ही सवलत फार महागात पडते.

गुजरातेत गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण पानाच्या टपरीवर मावा मळून मिळतोच. सुपारीची कातरण, चिमूटभर तंबाखू आणि ओला चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर रगडलेला. पुडी दिवसभर खिशात असते, आणि चिमूट उचलतात ती बोटं कटिंग ऑइलने आणि ग्राइंडिंगच्या धुळीने माखलेली. बॅटरीच्या कामात तर शिसं असंच पोटात जातं. थुंकण्यासाठी मास्क सारखा खाली ओढला जातो आणि वर चढवताना नाकावर नीट बसत नाही. मग फटीतून धूळ सरळ आत.

टेफ्लॉनच्या गॅस्केटवर काम करणाऱ्यांनी बिडीचंही एक ध्यानात ठेवावं. बोटांवरची भुकटी बिडीला लागली की पेटत्या टोकाशी जळते आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून व्हायरल समजून विसरला जातो.

मावा खाणाऱ्याचं तोंड महिन्यातून एकदा बघा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं जात नसतील, डब्यातली तिखट भाजी झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागत असेल, तर वडोद्यातल्या सयाजी हॉस्पिटलला किंवा जवळच्या दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात पाठवा. तोंड आखडण्याचा हा आजार (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस) मुख्यतः सुपारीचा. नुसती तंबाखू सोडून सुपारी चघळत राहिलं तर तो थांबत नाही, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो.

मावा सोडताना बहुतेकांचं गणित निकोटिनच्या गोळीवर, म्हणजे च्युइंगगमवर, चुकतं. मावा चघळायची सवय असल्याने गोळीही तशीच भराभर चघळतात. निकोटिन लाळेबरोबर गिळलं जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकून देतात. गोळी सावकाश चावायची. जीभ चुरचुरली की थांबून गालाशी दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार चावे. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. चहाच्या सुट्टीतच मावा आठवतो, त्यामुळे इथेच घोळ होतो. तेव्हा आधी चहा, मग पाव तास थांबून गोळी. उठल्यावर अर्ध्या तासात मावा लागणाऱ्याला २ मिलिग्रॅमची बहुधा पुरत नाही. ४ची डॉक्टरांना विचारून घ्यावी. तोंड उघडत नसेल त्याने गोळीऐवजी निकोटिनच्या पॅचबद्दल, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल, विचारावं.

१८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे. मालकांनी हा नंबर हजेरीच्या पंचिंग मशीनजवळ लावावा.

सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड होते, झोप लागत नाही, लक्ष उडतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरुवात केली तर त्यातला एक दिवस घरी निघतो. उरलेल्या दिवसांत त्या माणसाला पॉवर प्रेसवर किंवा शिडीवर चढवू नका, पॅकिंगला बसवा.