आठाचा नऊ

क्रीडा पानावर मी तेव्हा नवा होतो. स्कोअरकार्ड बिनचूक उतरवता येतं एवढ्यावर खूश असण्याचे दिवस. मार्च २०१०, आयपीएलचा तिसरा हंगाम ऐन भरात. त्या दिवसांत पानावर आयपीएल सोडून जे काही उरे, त्याला आमच्या डेस्कवर ‘भराव’ म्हणत. आणि भराव नव्या पोराने करायचा, हा अलिखित नियम.

२९ तारीख, सोमवार. संध्याकाळी साडेसातला पान लावणाऱ्याने हाक मारली, "तळाला सिंगल कॉलम भोक पडलंय रे. काहीतरी टाक पटकन." डाक आवृत्तीचं पान नऊला सोडायचं असे. मी एजन्सीच्या बातम्या चाळल्या. बुद्धिबळ झालं होतं, टेनिस वर गेलं होतं. उरलं कर्लिंग. कॅनडातल्या स्विफ्ट करंट गावात महिलांची जागतिक स्पर्धा संपली होती. जर्मनीने स्कॉटलंडला जादा फेरीत ८-६ असं हरवलं होतं. (स्विफ्ट करंट हे गावाचं नाव आहे, हे कळायलाही मला दोनदा वाचावं लागलं.)

"कर्लिंग म्हणजे ते बर्फावर केर काढतात ते?" शेजारच्याने विचारलं. एका अर्थी बरोबरच होतं त्याचं. महिनाभरापूर्वी व्हँकुव्हरचं हिवाळी ऑलिंपिक चालू असताना रात्रपाळीत ऑफिसच्या टीव्हीवर मी हा खेळ पाहिला होता आणि अडकलो होतो. मला तो कॅरमचा थोरला भाऊ वाटला. सोंगटीच्या जागी ग्रॅनाइटचा, वीस किलोच्या आसपास वजनाचा दगड. वर हँडल. दगड सोडताना हँडलला किंचित पीळ द्यायचा, म्हणजे तो पुढे जाऊन वळतो. बर्फ गुळगुळीत नसतो, मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून खडबडीत केलेला असतो. पुढे दोघी ब्रशने घासत धावतात ती साफसफाई नव्हेच; घासल्याने बर्फ क्षणभर उबतो, घर्षण कमी होतं, दगड थोडा लांब आणि थोडा सरळ जातो. पलीकडच्या टोकाला वर्तुळांपाशी उभी असते ती स्किप, म्हणजे कर्णधार. दगड कुठे हवा ते ती ब्रश टेकवून दाखवते, घासा की थांबा ते ओरडून सांगते, आणि बहुतेक संघांत शेवटचे दोन दगड स्वतः टाकते. आपली सोंगटी आड ठेवायची, समोरच्याची उडवायची, राणीभोवती कोंडी करायची. फक्त इथे स्ट्रायकर मारून झाल्यावरही त्याची वाट बदलता येते.

हे सगळं मला लिहायचं होतं. जागा होती साठ शब्दांची.

पहिली अडचण नावाची. जर्मनीच्या स्किपचं नाव एका बातमीत इंग्रजीत एक स्पेलिंग करून आलेलं, दुसऱ्या बातमीत दुसरं. डेस्कवर मतदान झालं: ‘शॉप’, ‘शोएप’, एकाने तर ‘स्कोप’. जर्मनचे क्लास केलेली पुरवणीतली मुलगी चहाला चालली होती, तिने जाताजाता निकाल दिला, "श्योप." आंद्रेआ श्योप.

दुसरी अडचण मीच केली. बातमीत होतं की श्योपने याआधी १९८८ मध्ये हे विजेतेपद मिळवलं होतं. मी हसलो. वीसेक वर्षं मध्ये टाकून कोण परत जगज्जेता होतं? आकड्याची चूक, दुसरं काय. तरी पुरावा हवा म्हणून नेटवर घाईत शोधलं. तिच्या नावापुढे ‘नागानो ऑलिंपिक, १९९८’ दिसलं, खाली ‘युरोपियन विजेतेपद, १९९८’ही दिसलं. झालं. ऐन भरातली खेळाडू, तेच ते साल. मी आठाचा नऊ केला आणि वर एजन्सीला एक शेलकी शिवीही हासडली.

तेवढ्यात एक जाहिरात आखडली आणि भोक मोठं झालं. त्याच सामन्याची दुसरी बातमी आली होती, त्यातली दोन वाक्यं न वाचल्यासारखी उचलली आणि शेपटाला चिकटवली. पान सुटलं.

साडेनऊला मुद्रितशोधन खात्यातले काका माझ्या टेबलाशी आले. हातात त्या पानाची प्रत, लाल शाईचं एकच वर्तुळ. काकांना कर्लिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "बाळा, वर लिहिलंयस की बाई ९८ साली जिंकली. खाली लिहिलंयस, बावीस वर्षांनी पुन्हा जिंकली. दोन हजार दहातून अठ्ठ्याण्णव गेले तर बारा राहतात. वरचे दहा कुठून आणलेस?"

मी पुन्हा शोधायला बसलो, या वेळी शांतपणे. आणि खरंच १९८८ होतं. ग्लासगोला, कॅनडाला हरवून, आणि देशाचं नाव तेव्हा पश्चिम जर्मनी. बर्लिनची भिंत उभी होती. त्याआधी १९८६ आणि १९८७ अशी दोन्ही वर्षं ती अंतिम सामन्यात कॅनडाकडूनच हरली होती. माझं १९९८? त्या वर्षी जागतिक विजेतेपद स्वीडनने नेलं होतं.

मग मी वाचतच गेलो. १९६५ चा जन्म, गार्मिश-पार्टेनकिर्शेनचा. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव, १९३६ चं हिवाळी ऑलिंपिक भरलं ते. युरोपियन विजेतेपदं सात, पहिलं १९८६ चं आणि सातवं अगदी आदल्या डिसेंबरात. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये तिचा संघ पहिला आला, पण कर्लिंग तेव्हा प्रदर्शनीय खेळ होता, म्हणून ते सुवर्ण पदकतक्त्यात नाही. १९९८ पासून पदकं मोजायला लागले, तर नागानोत काही हाती लागलं नाही. व्हँकुव्हरलाही नाही, तिथून महिन्याभरात ती स्विफ्ट करंटला जाऊन जगज्जेती झाली. मोनिका वाग्नर ही मैत्रीण १९८८ च्या संघातही होती. आणि समोरची स्कॉटलंडची स्किप, ईव्ह म्युरहेड, १९ वर्षांची. एप्रिल १९९० चा जन्म. श्योपने पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पोटापाण्याला श्योप काय करते, तर म्युनिकच्या विद्यापीठात संख्याशास्त्र. हे वाचून मी काकांकडे बघायचं टाळलं.

प्रमुखांना सांगणं भाग होतं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "न पटणारा आकडा दिसला की फोन लावायचा रे. पेन नाही लावायचं." शहर आवृत्तीत सुधारणा करायला त्यांनी दहा मिनिटं दिली. मी म्युरहेडच्या जन्माचं वाक्यही घालू बघितलं, मुख्य म्हणजे तेच घालायचं होतं. पण त्या कोपऱ्यात तोवर कुठल्याशा षटकाराचा फोटो ताणून बसवला होता. एका ओळीसाठी भांडलो, हरलो. शेवटी छापून आलं: साल १९८८, वर्षं बावीस, नाव श्योप. एकंदर अकरा ओळी.

डाक आवृत्तीचे गठ्ठे तोपर्यंत एसटीवर चढले होते. दुसऱ्या दिवशी खुलाशाची ओळ द्यावी का असं विचारलं, तर डेस्कभर हशा पिकला. कर्लिंगचा खुलासा! कुणाचं पत्र आलं नाही, फोन तर नाहीच. काकांनी मात्र लाल वर्तुळाची ती प्रत घडी घालून माझ्या खणात ठेवली होती. चार ऑफिसं बदलली, ती अजून आहे. घडीवर कागद विरलाय आणि विरलाय तो नेमका त्या नऊच्या जागी.