तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

गणपतीचे दिवस आले की स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुमच्यात मूर्ती नाही, तसबीर नाही. मग हात जोडताना डोळ्यांसमोर काय आणता?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे कळतं. तरी आधी राग येतो, मग उत्तर.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. आम्ही नमाजात हात जोडत नाही, बांधतो. डोळे मिटायचे नसतात. कपाळ जिथे टेकायचं त्या जागेवर नजर ठेवायची. "मक्केतला काबा म्हणजे मूर्तीच की!" नाही हो, ती दिशा. मदिनेत सुरुवातीला वर्षभराहून जास्त काळ जेरुसलेमकडे तोंड करून नमाज होत होती. 624 साली दिशा बदलून काब्याकडे झाली. अल्लाह काही तिकडचं बिऱ्हाड हलवून इकडे आला नव्हता. काब्यातल्या काळ्या दगडाला दुसरे खलिफा हजरत उमर यांनी तोंडावर सुनावलं होतं, की तू दगड आहेस, तुझ्याने ना नफा ना नुकसान. पैगंबरसाहेबांना चुंबन घेताना पाहिलं म्हणून मीही घेतो.

"म्हणजे आमचं निर्गुणच," मराठीचे सर म्हणतात. तेही नाही, सर. त्याला नव्व्याण्णव नावं आहेत. तो ऐकतो, पाहतो, माफ करतो, पकडतोही. रहमान, म्हणजे दयाळू, तोच; कह्हार, म्हणजे सगळ्यांवर जबर, तोही तोच. फक्त त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, मग चित्र कशाचं काढणार? कुराणातल्या सूरह इख्लासच्या चार आयतींत सगळं येतं: तो एक आहे, त्याचं कोणावाचून अडत नाही, त्याला ना मूल ना आईबाप, त्याच्या तोडीचं कोणी नाही.

कॉलेजात असताना मी या चार ओळींवर वाद जिंकायचे. तेव्हाच्या त्या मुलीचं काही चुकत नव्हतं. पण तिच्या घरातलं तोवर कोणी गेलं नव्हतं.

धाकटा भाऊ मिरजेच्या एका दवाखान्यात होता. अम्मी मीरासाहेबांच्या दर्ग्यात धागा बांधून आली. धर्मप्रचाराच्या जमातीत जाणारा चुलतभाऊ व्हरांड्यातच म्हणाला, "चाची, हे शिर्क आहे. मागायचं ते थेट अल्लाहकडे." शिर्क म्हणजे अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्या कोणाला मानणं. अम्मी म्हणाली, "त्याच्याकडेच मागतेय रे. एकटीचा आवाज पोचेना, म्हणून बरोबर कोणाला तरी घेतलं." वाचलेल्या पुस्तकांनुसार मी चुलतभावाच्या बाजूची. उभी मात्र अम्मीची पिशवी धरून होते.

भाऊ गेला. पुरुषांनी त्याला गुसल दिलं, म्हणजे शेवटची अंघोळ घातली, कफनाचे तीन कपडे झाले, घरभर कापराचा वास. पायाकडची गाठ अब्बांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली, जणू सैल राहिली तर तो वाटेत उठून बसेल. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. जनाज्याच्या नमाजात रुकू, म्हणजे वाकणं, नाही; सजदा, म्हणजे कपाळ टेकणं, नाही. उभ्याउभ्या चार तकबीर, म्हणजे चार वेळा 'अल्लाहू अकबर', की माती. मी आतल्या खोलीत जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, बसले होते आणि मला भांडायचं होतं. शेजारच्या काकूंचा मुलगा गेला तेव्हा त्यांनी कित्येक दिवस देवाला दिवा लावला नाही, देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवायच्या. मला त्यांचा हेवा वाटला. मी पाठ फिरवू कोणाकडे? कुराण सांगतं, तो गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहे. इतक्या जवळच्यावर रुसायचं तरी कसं? "अल्लाहची मर्जी" म्हणत येणाऱ्या प्रत्येक खालाला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या.

जियारतीच्या, म्हणजे मरणानंतरच्या दुआच्या, दिवशी मामूंनी एक हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची आठवण, सांगितली. पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, पोराच्या मरणानेच लागलं. पैगंबरसाहेब म्हणाले, चंद्रसूर्य अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरण्याजगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आणि मुलगा जाताना त्यांच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती.

मामूंना वाटलं, मला धीर येईल. मला हे फार कोरडं वाटलं तेव्हा. पुढे कधीतरी त्याच कोरडेपणाचा आधार वाटला: भावाचं जाणं हा इशारा नव्हता, शिक्षा नव्हती. धागा बांधल्याचा राग नव्हता, उशिरा बांधल्याचाही नव्हता. पण मग दुआ तरी कशाला मागायची? हे मामूंना विचारलं, तर ते वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, उठून गेले.

अम्मी अजून गुरुवारी दर्ग्यात जाते. चुलतभाऊ अजून समजावतो, ती अजून ऐकत नाही. सांगलीहून स्कूटरवर मीच तिला सोडते. मी आत जाते की नाही, ते मात्र विचारू नका.