चिवडा हलका, बिल जड

सासूबाईंचा हिशेब कायम तोंडी. ठाण्यात पाचपाखाडीत राहायला आल्यापासून त्या दिवाळीचा फराळ करून विकतात आणि पिशवी हातात देताना "सातशे चाळीस झाले गं, सातशे दे" म्हणून मोकळ्या होतात. २०२५च्या सप्टेंबरात मी त्यांच्यासाठी वूकॉमर्सवर, म्हणजे वेबसाइटवर दुकान थाटायच्या सॉफ्टवेअरवर, ऑनलाइन दुकान उघडलं, तेव्हा मला वाटलं होतं की खरा वेळ चकलीचे फोटो काढण्यात जाईल. बेरीज काय, ती कॉम्प्युटर करेल.

बेरीज त्याने बरोबरच केली. कशात काय मिळवायचं, हे मी चुकीचं सांगत होते.

पहिल्या दिवशी पोस्टेज म्हणून सरसकट ६० रुपये टाकले. मग विचार आला, कोणी दहा पाकिटं मागवली तर? म्हणून ६० गुणिले नग असं सूत्र घातलं आणि खूश झाले. धाकट्या बहिणीने चाचणी म्हणून मेतकुटाच्या शंभर ग्रॅमच्या सहा पुड्या घेतल्या. पोस्टेज ३६० रुपये. तिचा मेसेज आला, "ताई, मेतकूट विमानातून खिडकीशेजारी बसून येतंय का?"

मग वजनाप्रमाणे दर लावणारं प्लगइन, म्हणजे दुकानाला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. अर्धा किलो, एक किलो, दीड किलो असे टप्पे केले. आता चूक निघणार नाही अशी खात्री होती, तोवर कुरिअरचं पहिलं बिल आलं. पातळ पोह्यांच्या चिवड्याची अर्ध्या किलोची चार पाकिटं, खोक्यासकट काट्यावर २.२ किलो. बिल साडेचार किलोचं! फोन करून भांडायच्या तयारीत होते. पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, "मॅडम, खोकं केवढं आहे?" खोकं होतं ३५ बाय ३० बाय २० सेंटिमीटर, घरात पडलेलं. तिन्ही मापांचा गुणाकार २१,०००, त्याला ५,०००ने भागलं की ४.२. हे आकारमानाचं वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातलं जे जास्त ते धरतात आणि वरच्या अर्ध्या किलोपर्यंत नेतात. गाडीत जागा अडते ती हवेनेही अडतेच की. चिवडा म्हणजे निम्मी हवा.

जांभळी नाक्याला जाऊन ३० बाय २५ बाय १६ची खोकी आणली. तीच चार पाकिटं दाबून बसली आणि आकारमानाचं वजन २.४वर आलं, म्हणजे अडीच किलोचा दर. ऑनलाइन दुकानात चिवड्याच्या पाकिटाचं वजन ५०० ग्रॅम लिहिलं होतं, ते मी पोस्टेजच्या हिशेबासाठी ६०० केलं. मेतकूट, भाजणी यांना हा त्रास नाही. ती जड आणि लहानखुरी, काट्यावरचं वजन तेच खरं.

पिनकोडची गंमत वेगळीच. पिनकोडप्रमाणे विभाग पाडून प्रत्येकाला पोस्टेजचा वेगळा दर लावायचा होता. ठाणे, नवी मुंबई, मुंबई सगळ्यांचा ४००ने सुरू होतो, म्हणून '४००ने सुरू होणारे सगळे' हा माझा स्थानिक विभाग. डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला, "अहो, ठाण्याहून लोकलने अर्धा तासही लागत नाही आणि तुम्ही पुण्याचा दर कसा लावता?" डोंबिवली ४२१२०१! कल्याण, अंबरनाथही ४२१. आमचं कुरिअर या सगळ्यांना एकच दर लावतं, मीच वेगळे काढले होते. उलट, '४ म्हणजे महाराष्ट्र' असं धरून लावलेला दर इंदूरच्या माणसालाही लागला. पहिला आकडा ४ गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडलाही आहे. त्यात मी 'संपूर्ण भारत' हा विभाग यादीत सगळ्यात वर ठेवला होता. वरून खाली बघत जो पहिला जुळेल तोच लागतो, त्यामुळे दोन दिवस ठाणेकरांनाही गुवाहाटीचा दर दिसत होता. त्या दोन दिवसांत एकही ऑर्डर का आली नाही, हे तेव्हा कळलं.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कूपनने. ८०० रुपयांवर पोस्टेज फुकट, आणि दिवाळीचं १० टक्के कूपन. एका बाईंची टोपली अशी: चिवडा २१०ची तीन पाकिटं, मेतकूट १०५ची दोन. एकूण ८४०, पोस्टेज शून्य. त्यांनी कूपन लावलं. ८४ वजा, राहिले ७५६. म्हणजे ८००च्या खाली, आणि ६० रुपये पोस्टेज येऊन बसलं. भरायचे ८१६. ८४ रुपयांची सूट गाजावाजा करून द्यायची आणि त्यातले ६० मागच्या दाराने काढून घ्यायचे! मी सेटिंग पुन्हा वाचलं, तर मर्यादा सूट वजा करण्यापूर्वीच्या रकमेवर मोजायची असेल तर एक चौकट आहे, तिच्यावर खूण करायची. ती मी पाहिलीच नव्हती. खूण केली, म्हणजे त्या ऑर्डरीत ६० रुपये आमच्या खिशातून जाणार. नवऱ्याच्या मते हा मूर्खपणा. माझ्या मते तसं न करणं ही लबाडी. सासूबाईंनी माझी बाजू घेतली, हे दुर्मीळ म्हणून इथे नोंदवते.

जीएसटीत मी उगाच घाबरले होते. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते, ती आधीच झाली होती. २२ सप्टेंबरपासून पाकीटबंद चिवडा, चकलीचा दर १२वरून ५ टक्के झाला, तेही बदललं. एमआरपीत कर धरलेलाच असतो, वर चढवायचा नसतो. म्हणून ७५६मध्ये माल ७२० आणि कर ३६. पोस्टेजवर मात्र मी १८ टक्के लावत होते, कारण कुरिअर आम्हाला १८ लावतो. सीएनी समजावलं, की मालाबरोबर एकत्र घेतलेल्या वाहतुकीला मालाचाच दर लागतो. आता ६० म्हणजे करासह ६०.

शेवटच्या पानावर अचानक पोस्टेज वाढणं मला ग्राहक म्हणूनही आवडत नाही. टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणं हे २०२३च्या 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) रोखणाऱ्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतल्या १३ प्रकारांत आहेच. टोपलीतच पिनकोड विचारून पोस्टेज दाखवायला लागले.

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात नागपूरची ऑर्डर आली. चार चिवडे, अडीच किलोचा दर, पैसे जमा, एक रुपयाही इकडेतिकडे नाही. खोकं बंद करायला गेले तर काट्यावर २.५५.

"आई, यात काय घातलंत?"

"करंज्या गं, सातआठच. नुसता चिवडा कसा पाठवायचा?"

तीन किलोचा दर लागला. मी टेप लावली.