नंदीच्या गळ्यातली लाल माळ

राखीचा माल एकदा गेला की आमच्याकडे तान्ह्या पोळ्याच्या माळांची घाई सुरू होते. आमच्या वर्धा-नागपूरकडे बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लेकरांचा पोळा. चाकं लावलेला लाकडी नंदी, त्याच्या शिंगांना बेगड, गळ्यात माळ. तो ओढत पोरं दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर लोक बाहेरगावाहून येतात. या माळा अलीकडे सगळ्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या, वीस रुपयाला एक, आणि पोळा संपला की नालीत. तिथं आम्ही बियांची माळ घेऊन घुसलो. धंदा म्हणून छोटाच आहे, पण याच माळेनं आम्हाला गावात ओळख दिली. गळ्यातले न् कानातले पुण्या-मुंबईला जातात, ते गावात कोणी घालत नाही.

आमचा कारखाना म्हणजे सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या अंगानं असलेल्या गावात काकांचा जुना गोठा, फरशी टाकलेला. मी डिझाइन शिकून परत आले आणि सात-आठ बाया जमवल्या. बांबूचे कानातले, खादीच्या कातरणीचे कापडी मणी, आणि बिया. कर्दळीचं काळं बी, रिठ्याचं बी, भोपळ्याच्या बिया, वैजयंतीचे मणी. वैजयंतीचं बरं असतं, देठ ओढला की भोक आपोआप तयार. कर्दळीचं बी मात्र एकदा काळं झालं की दाभण वाकतं पण बी हटत नाही, तिथं ड्रिलच लागतं. रंग पळसाच्या फुलांचा, हिरड्याचा, नाहीतर लोखंडाचा गंज आणि गूळ मुरवून केलेला काळा. पावसाळ्यात बियांना भुंगा लागतो म्हणून डब्यात कडुनिंबाचा पाला. हे सगळं बायांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी फक्त भिंतीवर खडूनं एक यादी लिहून ठेवली: गुंज, एरंडी, धोतरा, बिट्टी. या चार विषारी बियांना आपल्या खोलीत जागा नाही.

गुंजेवरून दरवर्षी वाद होतो. गिऱ्हाईक तीच मागतं. निसर्गानं स्वतः रंगवून ठेवलेला मणी, लाल अंगावर काळा ठिपका, पॉलिश नको, रंग नको. कुंपणावर फुकट मिळते. शहरातल्या एका बाईंनी तर फोटो पाठवून दोनशे माळांची मागणी केली होती, ‘एकदम ऑरगॅनिक दिसतं’ म्हणून. मी नाही म्हटलं तेव्हा आमच्यातल्या काकूंनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. त्यांच्या हिशेबानं मी घरी आलेली लक्ष्मी परत पाठवली होती.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी सकाळी खोलीला सुट्टी होती. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी झालेली, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झालेलं, घराघरात पुरणाची डाळ शिजत होती. मी हिशेबाची वही घेऊन दारात बसले होते. शेजारचा पाच-सहा वर्षांचा पोरगा नंदी ओढत आला. पोळा उद्याचा, पण पोरांना कुठं दम असतो!

“मावशी, पाह्य, तुमचीच माळ घेतली.”

नंदीच्या गळ्यात गुंजा होत्या. अकरा-बारा, सुताला गाठी मारून ओवलेल्या. मी माळ हातात घेतली. काळ्या ठिपक्याच्या बाजूनं बारीक ड्रिल घालून आरपार भोक पाडलं होतं. भोकाच्या कडेला लाल साल तडकलेली, आत फिकट पिवळसर गर दिसत होता, आणि सुतावर पिठासारखी भुकटी. माळेला आमचीच चिठ्ठी होती, खाकी कागदावरचा पळसाच्या पानाचा शिक्का. पोरानं मला दाखवायला माळेचं टोक तोंडात धरून दोन्ही हातांनी नंदी उचलला. मी ती त्याच्या तोंडातून ओढूनच घेतली. तो रडायला लागला, त्याची आई बाहेर आली, आणि पोळ्याच्या सकाळी लेकराला रडवलं म्हणून मला ऐकवायचं ते तिनं ऐकवलं.

चिठ्ठ्यांवरून छडा लागायला वेळ लागला नाही. काकूंचा भाचा, मोबाइल दुरुस्ती करणारा. त्याच्याकडे बारीक ड्रिल, आणि मावशीकडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा ‘असाच’ नेलेला. हिवाळ्यात कुंपणावरून काढलेल्या गुंजा डब्यात होत्याच. माळा त्यानं चाळीस केल्या. बारा त्याच्या घरी, पंधरा सेलूच्या एका दुकानात, बाकी तेरा बाजारात स्वतः विकलेल्या. काकू कपाळाला हात लावून बसल्या. भाचा मात्र चिडला.

“ताई, सोनार जिंदगीभर गुंजेनं सोनं तोलत आले. कोण मेलं?”

प्रश्न चूक नव्हता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा एका तोळ्याला. कितीतरी पिढ्यांच्या हातांतून त्या गेल्या. सोनाराची गुंज अख्खी असते, म्हणून कोणी मेलं नाही. तिची साल इतकी टणक की एखाद्या लेकरानं अख्खी गिळली तरी बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. विष आत आहे, अ‍ॅब्रिन, एरंडीच्या बीत असतं त्याच जातीचं. चावून फोडली किंवा भोक पाडलं की ते पोटात उतरायला वाट मोकळी. त्यावर उतारा नाही. लक्षणंही लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि तोवर घरचे बीची गोष्ट विसरलेले असतात. 2011 साली ब्रिटनमध्ये ईडन प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या उद्यानानं पेरूहून आलेली अशाच बियांची ब्रेसलेटं विकली होती. कळल्यावर गिऱ्हाइकांकडून सगळी परत मागवावी लागली. हे मी त्याला सांगितलं. ब्रिटनचं ऐकून तो हसला.

मग मी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात त्याच्या डब्यातल्या अख्ख्या गुंजा, दुसऱ्यात भोकाच्या, दोन्हीत पाणी. “संध्याकाळी पाहू,” म्हटलं. तोपर्यंत माळा गोळा करायच्या होत्या, कारण उद्या सकाळी गावोगावची लेकरं नंदी घेऊन निघणार होती.

मोटारसायकलवर मागं काकूंना बसवून तो सेलूला गेला. दुकानदारानं पाच विकल्या होत्या, दहा परत दिल्या, तेही काकूंनी दुकानासमोर आवाज चढवल्यावर. म्हणजे अठरा माळा विकल्या गेलेल्या, सकाळची एक सोडली तर बाकी कोणाच्या तरी घरात. मी अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना फोन लावले. दोघींच्या ग्रुपवर माळेचा फोटो फिरला. पण पोळ्याच्या दुपारी मोबाइल पाहायला कोणाला सवड? बाया पुरणाच्या पोळ्या लाटतायत, माणसं शिंगांना हिंगूळ लावतायत. मी दारोदार गेले. “पाहू, सांगू, पोरगं बाहेर गेलं.” एका घरी तर आजी म्हणाली, “तुमची माळ महाग पडते म्हणून दुसऱ्याची बदनामी करून रायली का?” उन्हं कलेपर्यंत सकाळची धरून सात माळा हाती आल्या होत्या.

पाच वाजता आखरावर, गावच्या ढोरं जमायच्या मोकळ्या जागेवर, तोरण लागलं. बैलजोड्या रांगेत उभ्या, झुली, मठाट्या, बाशिंगं; ढोल वाजतोय, मधूनच एखादा बैल बुजतोय. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची कवनं, सुरू झाल्या होत्या. सरपंचांना मी दोन मिनिटं मागितली. माइकवर मी गुंज, अ‍ॅब्रिन, लेकरं, सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं, म्हणजे बोलणं थांबवलं नाही पण आवाज कमी केला. पुढच्या जोडीचा मालक सरळ म्हणाला, “ताई, आटपा, बैल खोळंबले.”

तेव्हा पुढे आले आबाजी. आबाजी गावातले जुने झडतीवाले, दात नाहीत पण आवाज अजून आखराच्या पार जातो. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. सकाळच्या भोकाच्या गुंजा पाण्यात टम्म फुगल्या होत्या, दोन-तीन फुटून गर बाहेर आला होता. दुसऱ्या ग्लासातल्या जशाच्या तशा, टणटणीत. त्यांनी दोन्ही ग्लास वर धरले आणि विचारलं, “सुई आठवते का कोणाले?”

म्हाताऱ्या माणसांत एकदम शांतता झाली. तरुणांना काही कळलं नाही, मलाही. मग आबाजींनी सांगितलं. पूर्वी कातड्याच्या लोभानं जनावरं मारणारे गुंजा वाटून, त्या लगद्याच्या बारीक सुया करून उन्हात वाळवत. गर्दीत जनावराच्या अंगात सुई टोचली की झालं. दोन-चार दिवसांनी ढोर आपोआप मरायचं, मालकाला वाटायचं साप चावला. त्यांच्या आजाची एक जोडी अशी गेली होती. (न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ही सुई खरोखर नोंदलेली आहे, हे मी नंतर वाचलं. तोवर मला गुंजेचं रसायन ठाऊक होतं, तिचा गावातला गुन्हा ठाऊक नव्हता.)

मी अर्धा दिवस लेकरांच्या जिवाची गोष्ट सांगत होते, तिचा परिणाम जेमतेम. बैलाच्या जिवाची गोष्ट निघाली आणि आखर ऐकायला लागलं. याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या तोंडून ते दुकानदारीचं वाटत होतं, आबाजींच्या तोंडून अनुभवाचं. कदाचित एवढंच असेल. आबाजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तिथंच झडती बांधली:

काळ्या डोळ्याची गुंज बाई, पांघरली लाल झूल,
पोटामंदी जहर तिच्या, दगावते ढोर न् मूल,
लाकडाच्या नंदीले वाहा कपाशीचं फूल,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

‘हर हर महादेव’ला सगळा आखर उठला. तोरण तुटलं, बैल धावत घरी गेले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, गावाची पीडा घालवायला काढतात ती मारबत नेण्याच्या आधी, नऊ माळा माझ्या दारात आल्या. दोन तर उंबऱ्यावर गुपचूप ठेवलेल्या. काही जणांना त्या मारबतीबरोबर शिवेवर फेकायच्या होत्या, ‘ईडा पीडा घेऊन जा’ म्हणून. मी नको म्हटलं. शिवेवर ढोरं चरतात, उकिरड्यावर कोंबड्या. सगळ्या जुन्या पातेल्यात बराच वेळ उकळल्या, परसात खोल खड्डा करून पुरल्या आणि ते पातेलंही भंगारात दिलं. आयुर्वेदातही गुंज उपविषात मोजतात आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, हे काकूंनीच त्यांच्या वैद्य काकाचं नाव घेऊन सगळ्यांना ऐकवलं. एका रात्रीत त्या माझ्या बाजूच्या झाल्या होत्या.

सतरावी माळ शेजारच्या गावात सापडली, आशाताईंच्या फोनमुळे. सूत तुटलेलं, तीन मणी कमी, आणि घरात दीड वर्षाची पोरगी. पोरगी हसत-खेळत होती. तिच्या आईला मी उरलेली माळ हातात देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, भाच्याच्याच मोटारसायकलवर. तिथल्या डॉक्टरांनी दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राला फोन करून विचारलं आणि पोरीला नजरेखाली ठेवून घेतलं. दोन मणी त्याच संध्याकाळी धान्याच्या कोठीखाली मिळाले. तिसरा मिळालाच नाही. तान्हा पोळा मी त्या दवाखान्याच्या बाकावर काढला. भाचाही होता, एक शब्द बोलला नाही, पण दर तासाला उठून पोरीला पाहून यायचा. पोरीला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी घरी सोडली.

अठरावी माळ कुठं गेली ते कोणालाच माहीत नाही. बाजारात बाहेरगावच्या माणसानं घेतली असणार. अंगणवाडीच्या ग्रुपवरचा फोटो अजून दर श्रावणात फिरतो, आता त्याच्याखाली आबाजींची झडती असते.

भाच्याचे पैसे बुडाले. मी अर्धे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत, आणि काही महिने माझ्या गल्लीतून जाणंही टाळलं. चिठ्ठ्या आता मी कुलपात ठेवते आणि प्रत्येकीवर हातानं आकडा घालते.

लाल-काळ्याची मागणी मात्र संपलेली नाही. म्हणून आम्ही कापडाचे मणी केले, लाखेच्या लाल रंगात बुडवलेले, आणि मधोमध कर्दळीचं काळं बी. लाख पळसावर येते, त्यामुळे बायांना वाटलं फुकटात होईल. तसं नाही, लाखेतून रंग धुऊन काढणं, तुरटीत कापड भिजवणं, मणी शिवणं, यात वीस रुपयाच्या माळेशी बरोबरी होत नाही. सेलूच्या दुकानदारानं नमुना पाहिला आणि म्हणाला, “सुंदर आहे, पण नंदीपेक्षा माळ महाग.” तरी डझनभर ठेवून घेतल्या.

सगळ्यात जास्त वेळ कर्दळीच्या बियांना भोकं पाडण्यात जातो. मागच्या महिन्यात काकूंनी निरोप आणला: भाच्याचं बारीक ड्रिल आहे, तो पाडून देईल, बीमागे एक रुपया. मी पन्नास पैसे म्हटलं. त्यानं परत निरोप पाठवला की ताईले सांगा, कर्दळीचं बी गुंजेपेक्षा कडक असते. ते खरं आहे. दर अजून ठरायचा आहे.