पुरात बुडालेली पाच फ्रॅक्शनं

सोमवारी सकाळी लिनॅकचं (कॅन्सरला रेडिएशन देणारं मशीन) वॉर्मअप झालं, रोजचं क्यूए म्हणजे मशीनची तपासणी आटपली आणि पहिला पेशंट आत घेणार तेवढ्यात टेक्नॉलॉजिस्टनं हाक मारली, सर हे पवनीकडचे काका आले पण यांचा मागचा पूर्ण आठवडा कोरा आहे, एक पण फ्रॅक्शन नाही. फ्रॅक्शन म्हणजे रेडिएशनचा एका वेळचा डोस. मी चार्ट पाहिला. 35 पैकी 20 झालेले, सगळे वेळेवर, आणि मग एकदम पाच दिवसांचं भगदाड.

काका पन्नाशी उलटलेले, आयुष्यभर बिडी, घशाचा स्क्वॅमस कॅन्सर. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर, म्हणून किमो द्यायचीच नाही असं आधीच ठरलेलं, म्हणजे जे काय करायचं ते रेडिएशननंच. रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, एकूण 70 ग्रे. शनिवार-रविवार सुट्टी म्हणून गावी गेले, तिकडं वर मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी सोडलं, वैनगंगा फुगली आणि गावचा रस्ताच बंद झाला. आम्ही फोन लावून राहिलो तर स्विच ऑफ, कारण गावात लाईटच नव्हती. सोबत मुलगा आला होता, पोलीस भरतीची तयारी करणारा, तो म्हणाला, "काय करता जी सर, पुलावरून पाणी जाऊन राहिलं होतं, बाबाले खांद्यावर आणलं असतं तरी नसतं जमलं."

यात चूक कोणाचीच नाही. पण पेशींना पूर-बिर काही समजत नाही ना.

मी मेडिकल फिजिसिस्ट, डॉक्टर नाही. नागपुरात कोणाला हे सांगितलं की समोरचा विचारतो म्हणजे एक्सरे काढता का, आणि मी पण आजकाल हो म्हणून मोकळा होतो. आमचं काम म्हणजे डोस कुठं, किती आणि कसा पडतो त्याचा हिशोब. असा गॅप पडला की हिशोब नुसत्या ग्रेचा राहत नाही, त्या ग्रेनं किती पेशी मेल्या आणि मधल्या दिवसांत किती परत वाढल्या त्याचा होतो. मॅडमनी (आमच्या रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट) चार्टवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, ओपीडी सुरू करते, अकरापर्यंत मला पर्याय काढून दे.

काकांचा पर्याय तयारच होता. घसा सोललेला, आवाज गेलेला, खुणेनं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तीसवरच थांबवा ना जी, पाच गेले तं गेले." मुलगा पण माझ्याकडं बघून राहिला की हे चालते का. मग मी कागद घेतला आणि त्याला तिथंच कॉरिडॉरमध्ये बसवून दाखवलं. समज, 2 ग्रेचा एक डोस दिला की गाठीतल्या साधारण अर्ध्या पेशी मरतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्याच्या अर्ध्या. एक घन सेंटिमीटर गाठीत धर शंभर कोटी पेशी. तीस वेळा अर्धं केलं की सरासरी एक पेशी उरते, पस्तीस वेळा केलं की 0.03. आता 0.03 पेशी म्हणजे काय तर शंभर पेशंटपैकी तिघांच्या गाठीत एखादी जिवंत पेशी राहील, बाकी साफ. आणि सरासरी एक उरते म्हणजे सगळ्यांची एक-एक उरते असं नाही, कोणाची शून्य, कोणाची दोन, हिशोब केला तर शंभरातल्या साठेक जणांत काहीतरी उरलेलं असते. पोरगा भरतीचं गणित करत होता त्यामुळं त्याला हे पटकन समजलं, त्यानं बापाकडं पाहिलं आणि म्हणाला, बाबा, पूर्ण करू.

हे आकडे समजवायला गुळगुळीत केलेले आहेत, खऱ्या गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात, काहींना ऑक्सिजन कमी मिळतो आणि त्या सहज मरत नाहीत. पण शेवटच्या पाच फ्रॅक्शनांची किंमत पहिल्या पाचइतकीच असते हे लोकांना खरंच वाटत नाही, गाठ दिसेनाशी झाली की काम झालं असंच वाटते.

मग राहिला प्रश्न की उरलेले 15 द्यायचे कसे.

आम्ही जे वापरतो ते लिनिअर-क्वाड्रॅटिक मॉडेल. डोसमुळं पेशी मरायचे दोन हिस्से त्यात धरतात, एक डोसच्या प्रमाणात वाढतो त्याला अल्फा, दुसरा डोसच्या वर्गाच्या प्रमाणात तो बीटा. दोघांचं गुणोत्तर प्रत्येक टिश्यूचं वेगळं. घशाच्या गाठीसाठी साधारण 10 धरतात, आणि जे नुकसान महिन्या-वर्षांनी दिसते, म्हणजे फायब्रोसिस (टिश्यू कडक होणं), जबड्याचं हाड सडणं वगैरे, त्यासाठी 3. आकडा लहान म्हणजे तो टिश्यू एका वेळच्या मोठ्या डोसला जास्त चिडतो. सगळी गोम यातच आहे.

या सगळ्याची मुळं 1956 च्या एका प्रयोगापर्यंत जातात. पक आणि मार्कस या दोघांनी अमेरिकेत काचेच्या बशीत हेला पेशींवर एक्सरे टाकले, कोणत्या पेशीपासून नवी वसाहत तयार होते ते मोजलं, आणि माणसाच्या पेशींचा पहिला सर्व्हायव्हल कर्व्ह काढला, म्हणजे किती डोसला किती पेशी जगतात त्याची रेषा. त्या हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, 1951 साली घेतलेल्या. आता बघा, बाल्टिमोरची ती बाई आणि पवनीचे आमचे काका, मध्ये एक वाकडी रेषा.

पहिला पर्याय, जिथं थांबलं तिथून सरळ सुरू करा आणि पाच दिवस मागं ढकला. नातेवाईक हेच मागतात आणि खरं सांगायचं तर मशीनवाल्यांना पण हेच सोपं. पण विदर्स नावाच्या संशोधकानं 1988 मध्ये हेड-नेकच्या (डोकं, मान, घसा) कॅन्सरच्या पेशंटचे बरेच रिझल्ट एकत्र करून दाखवलं की साधारण चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात. काकांचा गॅप नेमका पाचव्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात पूर आला असता तर भरून काढायला पुढे भरपूर जागा होती. 28 व्या दिवसानंतर दर दिवसाला 0.9 ग्रे बायोलॉजिकल डोस (पेशींवरच्या परिणामाच्या हिशोबातला डोस, नुसते दिलेले ग्रे नाही) वाया जातो असं धरलं तर ठरलेल्या वेळेत संपवल्यावर गाठीच्या पदरात 67.8 पडायला पाहिजे, एक आठवडा लांबलं की 61.5. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे निंदण अर्धं सोडून दिलं का कचरा दुप्पट येते, तसं." मी म्हटलं एकदम तसं.

दुसरा पर्याय आमच्या रेसिडेंटनं काढला आणि पोरगं हुशार आहे, हिशोब बरोबर होता. दिवस उरले 10, तर 15 चं काम 10 मध्ये करा, रोज 2 ऐवजी 2.81 ग्रे. गाठीचा हिशोब तंतोतंत जुळतो. पण तोच आकडा 3 च्या गुणोत्तरानं काढला की उशिराच्या नुकसानीचा बायोलॉजिकल डोस 116.7 वरून 121 वर जातो. चार-साडेचार ग्रे जास्त. काही ठिकाणी हे चालवून घेतात, पण ज्या माणसाचे अर्धे दात किडलेले आहेत आणि जो उद्या पण तंबाखू सोडेल याची गॅरंटी नाही त्याच्या जबड्यावर मला ते नको होतं, आणि मॅडमना पण.

तिसरा, डोस 2 च ठेवायचा, तारीख पण तीच ठेवायची, फक्त काही दिवशी दोनदा द्यायचा. दहा कामाचे दिवस, मधला एक शनिवार आणि चार दिवस डबल, झाले पंधरा. डबलच्या दिवशी दोन डोसमध्ये कमीत कमी सहा तास पाहिजेत, कारण चांगल्या पेशी तेवढ्या वेळात आपली दुरुस्ती करून घेतात, त्याच्या आत दुसरा डोस मारला तर मॉडेल कागदावर काहीही म्हणो, तिथं नुकसान होते. मंगळवार-शुक्रवार ठरवले, सकाळी साडेआठ आणि दुपारी तीन. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सच्या गाईडलाईनमध्ये अशा पेशंटना पहिल्या कॅटेगरीत टाकलं आहे, दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका म्हणून, आणि भरपाईसाठी हीच पद्धत त्यांची पण पहिली पसंती.

एक्सेलमध्ये काढलेलं सगळं मी परत कागदावर हातानं काढलं, दुसऱ्या फिजिसिस्टनं वेगळं काढलं, जुळलं तेव्हा मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी एकच विचारलं, याला यानं फायदा होईल हे तू किती खात्रीनं सांगतोस? मी म्हटलं मॅडम, या एका माणसाबद्दल काहीच खात्रीनं नाही सांगू शकत. हे 10, 3, 0.9 शेकडो लोकांची सरासरी आहे, काकांच्या गाठीचा अल्फा कोणीच मोजलेला नाही. पण तीन पर्यायांत वाईट कोणता आणि का वाईट, एवढं हे मॉडेल नीट सांगते. मी तर म्हणतो त्याचा उपयोग तेवढाच करावा. आमच्यातले काही लोक दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत आकडे काढून पेशंटला टक्केवारी सांगत बसतात, ते पाहिलं की माझं डोकं फिरते. मॅडमनी सही केली.

मग खरी भानगड सुरू झाली. आठवडाभर नीट जेवण नाही, त्यामुळं काका आणखी वाळलेले आणि मास्क (डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसवतो तो साचा) सैल. गालाच्या बाजूला माझी दोन बोटं आत जाऊन राहिली होती. डोस जिथं पडेल म्हणतो तिथं पडलाच नाही तर वरचा सगळा हिशोब चुलीत. सीबीसीटी (मशीनवरच निघणारा सीटी) काढला, शिफ्ट म्हणजे जागेतला फरक लिमिटमध्ये बसला म्हणून त्या दिवशीचा डोस दिला, आणि लगेच नवीन मास्क, नवीन सीटी, मी रात्री बसून प्लॅन परत केला. शनिवारी मशीन लावायला टेक्नॉलॉजिस्टची मनधरणी करावी लागली, तर्री-पोह्यावर मानले. डबलच्या दिवशी दोन डोसच्या मध्ये सहा तास बापलेक बाहेरच्या बाकावर, पोरगा भरतीचं पुस्तक वाचत बसलेला आणि काका झोपलेले.

शेवटच्या आठवड्यात घसा फारच सोलला, नाकातून नळी टाकावी लागली, डबल डोसनं तो त्रास वाढतोच आणि ते आम्ही आधी सांगितलं होतं. पण ठरलेल्या शुक्रवारी दुपारी पस्तीसावा झाला. तीन महिन्यांनी स्कोपमध्ये गाठ दिसली नाही, नळी निघाली, काका पातळ वरण-भात खाऊन राहिले. मागं ढकललं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, एका पेशंटवरून कोण सांगणार.

आता आमच्याकडं रोज संध्याकाळी त्या दिवशी न आलेल्यांची यादी निघते, आणि हेड-नेक आणि सर्व्हिक्सवाल्यांना (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) त्याच दिवशी फोन जातो. नदीकाठच्या गावांतल्या पेशंटना पावसाळ्यात शनिवार-रविवार नागपुरातच थांबायला सांगतो, धर्मशाळेची सोय करून देतो. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, या दोन दिवसांत अर्धे पेशंट येत नाहीत आणि अर्धा स्टाफ पण नसतो, म्हणून यंदा मशीन कोण चालवणार याची मीटिंग मी जुलैतच लावून ठेवली आहे.