उक्षीच्या फुलाला पाकळ्या नसतात

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला रानाच्या कडेने हिरवट पिवळ्या फुलोऱ्यांनी लगडलेली उक्षीची वेल सहज नजरेत भरते. ऐन, अर्जुन, हिरडा यांच्याच कुळातली ही. शास्त्रीय नाव गेटोनिया फ्लोरिबंडा. जुन्या पुस्तकांत ती कॅलिकॉप्टेरिस फ्लोरिबंडा या नावाखाली सापडेल.

तिला तणावे (आधाराला गुंडाळणारे धागे) नाहीत, काटेही नाहीत. लांब, लवचिक फांद्या शेजारच्या झाडावर रेलत ती वर जाते आणि टोके खाली झुकतात. आधार नसेल तिथे नुसते पसरट झुडूप होते, त्यामुळे ‘वेल दिसत नाही’ म्हणून तिला वगळू नका. पाने समोरासमोर, अखंड कडेची, टोकाला निमुळती, साधारण ५ ते १२ सेंमी. कोवळ्या फांद्यांवर तांबूस लव असते.

घोटाळा होतो तो फुलात. पाच हिरवट ‘पाकळ्या’ दिसतात, त्या खरे तर निदले आहेत, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असणारी हिरवी दले. एक फूल हातात घेऊन भिंगाखाली धरा: त्या पाचांच्या मागे आणखी हिरवे वर्तुळ नाही, आत थेट पुंकेसर, पाच-पाचच्या दोन फेऱ्यांत दहा. अंडाशय निदलांच्या खाली असतो. पाकळ्या असत्या तर फळ धरताना गळून गेल्या असत्या. इथे तीच निदले वाढतात, पुढे वाळून कागदासारखी होतात आणि एकबीजी फळाला पाच पंख मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये एकाच वेलीवर फुलापासून पंखापर्यंतच्या सगळ्या अवस्था मिळतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

पिळुकी या दुसऱ्या रानवेलीशी गल्लत होत असेल तर फळ पाहा. पिळुकीच्या फळाच्या अंगालाच उभे चार पंख असतात. उक्षीचे पाच पंख फळाच्या माथ्यावर.

जाड खोडात पाणी साठते आणि रानात राहणारी माणसे ते पितात. त्यासाठी आधी वरचा छेद घेतात, मग खालचा. आधी खाली कापले तर आतल्या ताणाने पाणी वर ओढले जाते आणि हाती थेंबच येतात. ओळख पक्की नसेल किंवा चीक पांढरा निघाला तर तोंडाला लावू नका. आणि पाण्याची खरी गरज नसताना, केवळ गंमत म्हणून, वर्षानुवर्षे वाढलेले खोड तोडू नका.