कोणी आलं तर

परवा दुपारी फ्रीज पुसायला काढला आणि दाराच्या बाहेर काय लावलंय आणि आत काय भरलंय ते बघून तिथेच फतकल मारून बसले. बाहेर मॅग्नेटखाली आठवड्याचा प्लॅन, सोमवार ते रविवार, तोही रंगीत प्रिंटआउट, कारण साध्या कागदावर लिहिलेलं आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही. सोमवारी मुगाचं धिरडं, मंगळवारी मोडाची मटकी, बुधवारी दुधी. आत श्रीखंडाचे जुने डबे, एकात अर्धी वाटी आमटी, एकात मूठभर भात, एकात परवाचा कोबी, एकात काहीतरी जे कधीकाळी पिठलं असावं, आणि फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या. बाहेरच्या कागदावर यातलं एकही अक्षर नाही.

प्लॅन देणाऱ्या डाएटिशियन बाई चांगल्या आहेत हां, किनोआबिनोआ काही सांगितलं नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते काढलं, मी म्हटलं 25च्या आत आहे म्हणजे आपण पास, तर म्हणाल्या भारतीयांना 23च्या वर गेलं की जास्तच धरतात. हे मला आत्ता या वयात कळावं! मग हैदराबादच्या पोषण संस्थेचं ते ताटाचं चित्र दाखवलं, अर्धं ताट भाज्या आणि फळं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, बाई, अर्धं ताट भाजी म्हणजे रोज किती भाजी आणायची आणि ती निवडायची कोणी? प्लॅनमध्ये 'मेथी' असं दोन अक्षरांत लिहून होतं, तिच्यापायी अर्धा तास जातो आणि कढईत गेल्यावर राहते वाटीभर.

तरी आठवड्याचा बाजार एकदम करणं मला मनापासून आवडतं, ते बाबांमुळे. साताऱ्याला लहानपणी बाजाराच्या दिवशी बाबांबरोबर मी पिशव्या धरायला. बाबांचे नियम पक्के. आधी पूर्ण बाजार एकदा रिकाम्या हाताने फिरायचा, काही घ्यायचं नाही, नुसते भाव बघायचे. मग कांदे-बटाटे तळाला, त्यावर दुधी, भोपळा, वांगी, टोमॅटो सगळ्यात शेवटी आणि ते माझ्या हातात वेगळे, कोथिंबीर-मिरची मागायची नाही, ती भाजीवाल्या मावशी आपणहून पिशवीत टाकायच्या आणि नाही टाकली तर बाबा पुढच्या वेळी त्यांच्यासमोरून मुकाट निघून जायचे. घरी आल्यावर आजी सगळं पसरून क्रम लावायची, पालेभाजी आज-उद्या, मग गवार-भेंडी, मग फ्लॉवर-कोबी, आणि भाजी संपायच्या बेताला कडधान्य भिजायला पडलेलं असायचं. मटकीला एक रात्र भिजायला आणि वर एक दिवस फडक्यात मोड यायला, म्हणजे गुरुवारी उसळ खायची तर मंगळवारी रात्रीच आठवायला हवं. हे असलं आजीला कोणी लिहून दिलं नव्हतं. त्यात सोमवारचा उपास, शनिवारचा मारुती, एकादशी, की झाला आठवडा आखून. वजन मात्र एकादशीने कोणाचं उतरल्याचं ऐकिवात नाही, दुप्पट खाशी ते उगाच नाही, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आणि त्यावर दाण्याचं कूट आणि तूप.

आता आमच्याकडे आखणीचा प्रश्न वेगळाच आहे. नवरा दीक्षित पंथाचा, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मूळ कल्पना डॉ. जिचकारांची हेही तो दर वेळी सांगतो. नणंद राहायला आली की ऋजुता दिवेकरांचं, दर दोन तासांनी थोडं थोडं, तूप सोडू नको, आपल्या मातीतलं खा. मुलगा कुठल्याच पंथाचा नाही, त्याला पनीर हवं. आई, म्हणजे सासूबाई, सगळ्यांचं ऐकून घेतात आणि कुकर लावतात. एकाच ओट्यावर एवढे पंथ, तर यादी कोणाची करायची? मी गुपचूप सगळ्यांची करते. म्हणून तर डबे भरतात.

आणि उरलेल्याचं कसं असतं, ते तसंच गरम करून कोणी खात नाही. त्याचा उद्धार करावा लागतो. प्लॅनमध्ये लिहिल्याप्रमाणे रात्री बिनतेलाचे फुलके केले, कौतुकाने मोजून दोन खाल्ले, उरलेल्यांची सकाळी फोडणीची पोळी झाली, तिला पळीभर तेल, मोहरी, हिंग, भरपूर कांदा, दाणे, वरून चिमूटभर साखर, लिंबू. एक टेबलस्पून तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि फोडणीच्या पोळीला एका चमच्यात भागवणारी बाई मी अजून पाहिली नाही. म्हणजे रात्री वाचवलेलं तेल सकाळी व्याजासकट. शिवाय ती पोळी सगळ्यात चविष्ट लागते हे वेगळंच. भाताचंही तेच. मला तर वाटतं आमच्या घरात काही लोक फोडणीच्या भातासाठी मुद्दाम भात उरवतात, नाव घेत नाही, तो आत्ता शेजारच्या खोलीत अभ्यास करतोय.

पण पोळ्या उरतात कशा, हे त्या दुपारी डोक्यात शिरलं ते निघेना. संध्याकाळी आई कणीक भिजवायला बसल्या तेव्हा नीट बघितलं. वाटीने पीठ घेतलं, बरोबर मोजून, आणि मग परातीत वरून एक मूठ. मी म्हटलं, आई, ही कशाला?

"असू दे गं. कोणी आलं तर?"

त्यावर मला हसू आलं आणि लगेच आजी आठवली, कारण तिचं हे वाक्य शब्दासकट हेच होतं. साताऱ्याचं आमचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटं, त्यामुळे गावाकडचं कोणीही जिल्ह्याच्या ठिकाणी आलं की आमच्याकडे. कोर्टाची तारीख, सिव्हिल हॉस्पिटलात कोणाचं तरी ऑपरेशन, जमिनीच्या कागदासाठी कचेरीत खेटे, मुलीसाठी स्थळ बघायला. बारा-साडेबाराच्या एस्टीने माणूस उतरायचा, दारात चपला काढतानाच आजी आतून "पाय धुवा, पान वाढतेय" म्हणायची, आणि काय, कुठले, का आलात ते सगळं जेवण झाल्यावर. दाजी म्हणून एक होते, कुणाचे दाजी ते आम्हा पोरांना कधी कळलं नाही, त्यांची कसली तरी केस वर्षानुवर्षं चालली होती आणि तारखेला ते हटकून आमच्याकडे. तारीख पडली की खूश असायचे, पुढची तारीख मिळाली म्हणजे आणखी एकदा इथलं जेवण. आमटीत पाणी घालून ती वाढवता येते, भाजीत बटाटा घालता येतो, पण पोळी ऐनवेळी वाढवता येत नाही, कणीक भिजलेली हवी. म्हणून ती मूठ. ती मूठ रोज कोणीतरी खायचंच, वाया गेल्याचं आठवत नाही.

मग मी बसून हिशोब केला, मला असले हिशोब करायला फार आवडतात, व्यायामापेक्षा नक्कीच. आम्ही चार माणसं, माणशी दोन पोळ्या, दोन वेळा (नवऱ्याचा पंथ यात बसतो), म्हणजे दिवसाला 16. पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक धरली तर रोजची पावणेपाचशे ग्रॅम, महिन्याची साडेचौदा किलो. गिरणीत आमचा महिन्याला वीस किलो गहू जातो. साडेपाच किलो जास्तीचे. त्यातल्या काही पोळ्या कोपऱ्यावरच्या गाईला जातात, काही टाकाव्या लागतात हे मान्य, पण बाकी कुठे जातात ते मला माहितेय, कारण ओट्याशी उभं राहून 'एवढी एकच राहिलीय' म्हणत खाणारी मीच आहे, आणि आई. 100 ग्रॅम कणकेच्या 340 कॅलरी धरल्या तर साडेपाच किलोच्या जवळजवळ 19 हजार. आणि एक किलो चरबी म्हणजे 7700 कॅलरी असा डाएटवाल्यांचा ढोबळ हिशोब. म्हणजे महिन्याला दोन किलोच्या वर माल या घरात न आलेल्या पाहुण्याच्या नावाने शिजतो आणि त्याच्या वतीने आम्ही दोघी खातो. मी इकडे साखर सोडू का चहाच सोडू करत बसलेय.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला सोपं आहे, पोळ्या मोजून लाटा. अगदी बरोबर आहे. कोणी येणारच असेल तर आजकाल आधी मेसेज करतं, "घरी आहात का", मग "निघालोय", मग लाइव्ह लोकेशन. आणि येणाराही सांगून ठेवतो की जेवायचं काही करू नका, माझं डाएट चालू आहे. न सांगता शेवटचं कोण जेवायला आलं होतं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. बेल वाजते दिवसभर, पण ती पार्सलची. ते दहा मिनिटांत आणून देणारे पोरगे तर पिशवी दाराला अडकवून पाणीसुद्धा न पिता पळतात, त्यातल्या एकाला भर उन्हात आईंनी विचारलं, "बाळा, जेवलास का?" तो गडबडला, मोबाइलकडे बघत म्हणाला, काकू, ओटीपी सांगा.

आईंना मी हिशोबाचा कागद दाखवला नाही. दाखवणार होते. पण त्यांना विचारायचं काय, की कोण येणारेय? मामंजी गेल्यापासून त्यांच्या माहेरचं कोणी फारसं येत नाही हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

वाण्याला यादी व्हॉट्सॲपवर पाठवायची होती. तेल कमी केलं, साखर कमी केली, साबुदाणा काढून टाकला, ज्वारी वाढवली. गहू पंधरा किलो लिहिला, मग खोडून वीस केला. मेथी मी निवडेन, फुलकेच खाईन, संध्याकाळी चालायला जाईन. बघू.